या नक्की, पण काही आणू नका

वाचकांचे प्रश्न

नव्या घरात माणसांना बोलवायचं, पण त्यांच्यावर भेटवस्तूचा भार टाकायचा नाही, या विषयावर एवढी पत्रं आली आहेत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले. यजमानांनी लिहिलंय तसं पाहुण्यांनीही लिहिलंय. नावं छापलेली नाहीत, आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : ताई, आम्ही दोघांनी अखेर स्वतःचं घर घेतलं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पण आमचं. नातेवाईक, शेजारी, दोघांच्या ऑफिसातली मंडळी, अशा पन्नासेक जणांना एकदा घरी बोलवायचं ठरलंय. कोणी काही आणू नये असं मनापासून वाटतं. एक तर ठेवायला जागा नाही. दुसरं कारण मी कोणाजवळ बोललेले नाही. माझ्या मोठ्या दिरांचा व्यवसाय सध्या अडचणीत आहे आणि धाकट्या भावाच्या घरी येताना ते काहीतरी मोठं आणल्याशिवाय राहणार नाहीत. निमंत्रणात 'भेटवस्तूंचा आग्रह नाही' एवढं लिहिलं की पुरे, असं नवरा म्हणतो. सासूबाई म्हणतात, असं काही लिहूच नका. लोकांना वाटेल यांना काय कमी आहे, आणि प्रेमाने देणाऱ्याचा तो अपमान होतो. लिहावं की नाही? लिहूनही कोणी आणलंच तर दारात काय म्हणायचं?

उत्तर : लिहा, आणि स्पष्ट लिहा. पण सासूबाईंचं बोलणं उडवून लावू नका. त्यांना जे जाणवलंय ते खरं आहे.

मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचे. मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाने भेटींच्या देवाणघेवाणीवर लिहिलेला निबंध १९२५ साली प्रसिद्ध झाला, तो आम्ही वर्गात वाचायचो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की भेट वरकरणी स्वखुशीची दिसते, पण तिच्यामागे तीन बंधनं असतात : द्यावं लागतं, दिलेलं घ्यावं लागतं आणि कधी ना कधी परत करावं लागतं. दिलेलं नाकारणं म्हणजे देणाऱ्याशी असलेलं नातंच नाकारणं, असा त्याचा अर्थ लावला जातो. वर्गात हा भाग फारसा समजावून सांगावा लागायचा नाही, कारण प्रत्येकाच्या घरात त्याचं एखादं उदाहरण असायचंच. सासूबाई बोलताहेत ते हेच.

म्हणूनच 'नको' कधी म्हणता याला फार महत्त्व आहे. पाहुण्याने अजून काही ठरवलेलं नसतं, खरेदीला बाहेर पडलेला नसतो, तेव्हा कानावर आलेलं 'नको' त्याच्या मनावरचा ताण उतरवतं. वस्तू निवडून, कागदात गुंडाळून तो दारात उभा राहिला की मात्र त्याच शब्दाने त्याचं मन मोडतं. तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मला यातच दिसतात. आधी अगदी ठामपणे सांगायचं आणि दारात अजिबात अडवायचं नाही.

आता निमंत्रणातल्या ओळीचं. 'आग्रह नाही' काढून टाका. आग्रह तसाही कोणी करत नसतं, त्यामुळे वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. चार घरांत फोन होतात, 'तुम्ही काय नेताय?' अशी विचारणा होते, आणि शेवटी 'बरं दिसत नाही' म्हणून सगळेच काहीतरी घेऊन येतात. तारीख, वेळ, पत्ता दिल्यानंतर सरळ लिहा : 'कृपया येताना भेटवस्तू, पुष्पगुच्छ किंवा पाकीट आणू नये. निवांत या, घर बघा, गप्पा मारू.' तिन्ही गोष्टींची नावं घ्या. नुसतं 'भेटवस्तू' लिहिलं की पाकिटं येतात, आणि दोन्ही लिहिलं की फुलं.

कारण मात्र देऊ नका. 'जागा नाही' म्हटलं की लोक लहान आकाराचं काहीतरी शोधतात. 'देवाच्या दयेने सगळं आहे' म्हटलं की तुमच्या सासूबाई म्हणतात तसा बडेजाव वाटतो. 'तुमची उपस्थिती हीच आमची भेट' हे वाक्य वाईट नाही, पण इतक्या निमंत्रणांवर छापलेलं असतं की वाचणाऱ्याची नजर त्यावर थांबत नाही. साधी, विनवणीची एक ओळ पुरते. निमंत्रण चित्राच्या स्वरूपात मोबाइलवर पाठवणार असाल तर ही ओळ चित्राखाली वेगळीही लिहा. चित्रातली तारीख बघून लोक पुढे जातात, खालच्या बारीक अक्षरांपर्यंत कोणी पोचत नाही.

छापील ओळीवर सगळं सोडू नका. जवळच्यांना फोन कराल तेव्हा 'येताय ना?' विचारल्यावर लगेच, त्याच आवाजात सांगा, 'आणि काही आणायचं नाही हं, खरंच सांगतेय.' फोन ठेवता ठेवता सांगितलं तर ती रीत म्हणून म्हटल्यासारखं वाटतं. ऑफिसचं तर त्याहून आधी बघायला हवं. तिथे वर्गणी काढणारं एखादं माणूस ठरलेलं असतं. यादी फिरायच्या आत त्याला गाठा. एकदा पैसे जमले की ते परत वाटत बसणं कोणालाच जमत नाही, मग त्याची वस्तू येणारच.

दिरांच्या बाबतीत मात्र ओळ आणि फोन, दोन्ही अपुरे आहेत. तुम्ही त्यांना 'काही आणू नका' म्हणालात आणि त्यांना कारणाचा वास लागला, तर ते कर्ज काढूनही आणतील. मोठ्या भावाला धाकट्याकडे रिकाम्या हाताने यायला जे अवघड वाटतं, ते मला समजतं. त्यांना द्यायचंय, आणि त्यांना देता यावं अशी सोय तुम्ही करायची आहे. नवऱ्याने त्यांना फोन करावा, आठवडाभर तरी आधी. 'दादा, त्या दिवशी तू दोन तास आधी ये, तुझ्याशिवाय मला आवरणार नाही' असं म्हणावं. पण काम खरं असलं पाहिजे. आलेल्यांना घर दाखवायची जबाबदारी त्यांच्याकडे द्या. वडीलधाऱ्यांची ने-आण त्यांना सांभाळू दे. पडद्यांच्या दांड्या आदल्या दिवशी त्यांच्या हातून लागू देत. संध्याकाळी पाहुण्यांशी त्यांची ओळख करून देताना 'हे सगळं दादाने उभं केलं' असं नवऱ्याने चारचौघांत म्हणावं. व्यवसायाचा विषय कुठेही निघता कामा नये. आणि ते तरीही काही घेऊन आले तर? घ्या. त्यांच्याकडून तर नक्की घ्या.

अशीच एखादी आत्या किंवा आजी प्रत्येक घरात असते, जिने सगळ्या भाचरांना, नातवंडांना काही ना काही दिलेलं असतं. तुमच्या वेळीच ती थांबणार नाही, आणि तिला थांबवूही नये. तिला कार्यक्रमाच्या आधी एखाद्या दिवशी घरी आणा, निवांत बसवा आणि ती देईल ते तेव्हाच घ्या. त्यामुळे तिचा मान राहतो आणि समारंभाच्या दिवशी तिच्या हातातली पिशवी बघून बाकीच्यांची चुळबुळ होत नाही.

दारातला प्रसंग मी अनेक घरांत पाहिलाय. पाहुणा पिशवी पुढे करतो, यजमानीण 'अहो, सांगितलं होतं ना!' म्हणून हात मागे घेते, तो आणखी पुढे करतो. मागे आणखी दोघं चपला काढत असतात आणि त्यांच्या हातात काही नसतं, कारण त्यांनी तुमचं ऐकलेलं असतं. या दोन वाक्यांच्या झटापटीत अवघडतात ती हीच दोघं. म्हणून 'आवर्जून आणलंत, या ना आत' एवढंच म्हणा, दोन्ही हातांनी घ्या आणि वस्तू थेट आतल्या खोलीत जाऊ द्या. घरातल्या एका माणसाकडे तेवढंच काम सोपवा. त्याने वस्तू आत न्यायची, नावाची चिठ्ठी लावायची आणि दार ओढून घ्यायचं. बाहेरच्या खोलीत भेटवस्तूंसाठी टेबल मांडू नका. एकदा टेबल दिसलं की निमंत्रणातल्या ओळीवर कोणी विश्वास ठेवत नाही. पाहुणे असेपर्यंत काहीही उघडायचं नाही, कोणी कितीही म्हटलं तरी. जे रिकाम्या हाताने आले त्यांचं कौतुकही करू नका; 'तुम्ही तेवढे ऐकलंत' हे वाक्य शेजारी उभ्या असलेल्या माणसाला लागतं.

मुलाच्या मुठीत कोंबलेलं पाकीट ही वेगळी अडचण. त्यासाठी जिन्यापर्यंत मागे धावू नका. वडीलधाऱ्यांनी दिलेलं राहू द्या. ज्यांना खरोखर ओढाताण आहे त्यांनी दिलं असेल तर ते लक्षात ठेवा आणि पुढे कधी त्यांच्या घरच्या प्रसंगाला, त्यांना कळणारही नाही अशा बेताने भरून काढा.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगते. पाहुण्यांना निघताना वस्तू वाटण्याचा विचार असेल तर तो सोडा. 'काही आणू नका' म्हणून बोलावलं आणि जाताना त्यांच्या हातात पिशवी ठेवली, की रिकाम्या हाताने आलेला माणूस ती घेऊन घरी जाताना स्वतःला ऋणी समजतो. तुम्ही नको म्हणालात त्याचा सगळा फायदा तिथेच संपतो.

प्रश्न : मी पाहुणी म्हणून लिहितेय. मैत्रिणीने नव्या घरी बोलावलंय, 'भेटवस्तू आणू नये' असं स्वच्छ लिहिलंय. मागच्या वर्षी अशाच एका घरी मी सांगितल्याप्रमाणे काही न नेता गेले आणि बघते तर प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं. सगळा वेळ मला कोपऱ्यात बसावंसं वाटलं. या वेळी काय करू? निदान एखादं झाड न्यावं का?

उत्तर : मैत्रिणीचं ऐका आणि काही न नेता जा. तुम्ही मागच्या वर्षीही बरोबरच वागलात. यजमानांनी विनंती केली, तुम्ही मानली; अवघडायला हवं होतं ते न मानणाऱ्यांनी.

भेट जितकी भारी तितका आनंद मोठा, असं देणाऱ्याला वाटत असतं. घेणाऱ्याला तसं वाटत नाही. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अ‍ॅडम्स या संशोधकांनी २००९ साली हाच मुद्दा तपासला होता. लग्न ठरलेल्या जोडप्यांना त्यांनी अंगठीबद्दल विचारलं. अंगठी जितकी महाग तितकी ती होणाऱ्या बायकोला जास्त आवडली असेल, अशी देणाऱ्या पुरुषांची समजूत होती. ज्यांना अंगठी मिळाली त्या स्त्रियांच्या उत्तरांत किंमत आणि आवड यांचा तसा संबंध दिसला नाही. वाढदिवसाच्या भेटींबाबतही तेच आढळलं. म्हणजे आपण पाहुणे म्हणून ज्या गोष्टीची चिंता करतो, तिच्याकडे यजमानाचं फारसं लक्षही नसतं. त्या संध्याकाळी तुमच्या मैत्रिणीच्या डोक्यात खुर्च्या पुरतील का, पाणी भरलंय का, सासरची आणि माहेरची माणसं एकमेकांशी बोलताहेत का, एवढंच असणार आहे.

झाडाचं म्हणाल, तर ते नको. झाड दिलं म्हणजे रोजचं एक काम दिलं. तिच्या खिडकीत ऊन येतं का, ती गावाला गेली तर पाणी कोण घालणार, हे आपल्याला ठाऊक नसतं. फुलं नेली तर ऐन गर्दीत तिला भांडं शोधत फिरावं लागतं. घरून काही शिजवून नेण्याचाही मोह टाळा. तिने जेवणाचा बेत आधीच आखलेला असतो. आणि बाकीच्या मैत्रिणींना 'तुम्ही काय नेताय?' असा फोन तर मुळीच करू नका. 'मी काही नेणार नाहीये, तिनेच सांगितलंय' असं मात्र कोणी विचारलं तर मोकळेपणाने सांगा. दोन-तीन जणींनाही त्याने धीर येतो.

तरीही द्यायची इच्छा असेल तर द्यायचं बरंच आहे. आम्ही सध्याच्या घरात राहायला आलो तेव्हा वरच्या मजल्यावरच्या बाई काही न घेता आल्या, घर बघितलं, थोडा वेळ बसल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक कागद आणून दिला. वहीतलं पान होतं, दोन्ही बाजूंनी भरलेलं. पाण्याचा मुख्य कॉक कुठल्या दारामागे आहे, जिन्यातल्या दिव्याचं कोणतं बटण कोणत्या मजल्याचं, कचरा न्यायला किती वाजता येतात, नळाचं काम नीट करणारा कोण, कुलूप दुरुस्त करणारा कोण, आणि पावसात कोणती खिडकी बंद ठेवायची. शेवटच्या ओळीत त्यांनी लिहिलं होतं की रात्रीअपरात्री लागलं तर आमची बेल वाजवा, आम्ही उशिरापर्यंत जागे असतो. तो कागद आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. कडा पिवळ्या पडल्या आहेत, दोन नंबर खोडून नवे लिहिले आहेत, आणि अजूनही तो रोज डोळ्यांसमोर येतो. त्या दिवसांत घरात आलेल्या वस्तूंपैकी कोणती कोणी दिली, हे मला आता सांगता येणार नाही.

तुम्ही त्या भागात राहत नसाल तर असा कागद तुम्हाला लिहिता येणार नाही. मग त्या दिवशी शेवटपर्यंत थांबा. पाहुणे गेल्यावर भांडी गोळा करायला, खुर्च्या परत जागेवर लावायला, लहान मूल झोपवायला माणूस लागतं. दोन दिवसांनी तिला चार ओळी लिहा, घराविषयी एखादी नेमकी गोष्ट सांगणाऱ्या. 'घर छान आहे' सगळेच म्हणतात. तिने खिडकीजवळ बसायला केलेली जागा तुम्हाला आवडली असेल तर ते लिहा. तिने ती जागा विचार करून केलेली असते आणि कोणीतरी ती पाहिली हे तिला कळायला हवं.

प्रश्न : आमची परिस्थिती उलट आहे. घर घेताना सगळी बचत संपली. मित्र स्वतःहून विचारताहेत, 'काय हवंय सांगा.' खरं तर बऱ्याच गोष्टी हव्या आहेत. पण निमंत्रणात आम्ही 'काही आणू नये' लिहून बसलोय. आता सांगितलं तर खोटं वाटेल का? बायको म्हणते यादीच पाठवून देऊ.

उत्तर : यादी पाठवू नका. जे विचारताहेत त्यांना सांगा, आणि फक्त त्यांनाच. यात खोटं काही नाही. निमंत्रणातली ओळ म्हणजे तुम्ही कोणाकडूनही अपेक्षा ठेवत नाही, एवढाच तिचा अर्थ. जवळच्या मित्राने थेट विचारलं आणि तुम्ही 'छे, काही नको' म्हणालात, तर तो अंदाजाने काहीतरी आणेल आणि त्याचे पैसे वाया जातील. त्यापेक्षा मनात असेल ते बोला.

मात्र सगळ्यांना एकदम पाठवलेली यादी वेगळी. ती हातात पडली की ज्यांनी 'काही आणू नये' वाचून सुटकेचा श्वास घेतला होता, त्यांना पुन्हा पाकीट चाचपावं लागतं. दोन निरोप एकमेकांना छेद देतात आणि लोक दुसऱ्यावर विश्वास ठेवतात. म्हणून एक ठरवा आणि त्याला धरून राहा.

सांगताना लहान वस्तूपासून सुरुवात करा आणि नेमकं सांगा. 'स्वयंपाकघरासाठी काहीही चालेल' असं नको. 'झाकण घट्ट बसणारा एक मोठा डबा हवाय' असं सांगितलं की देणाऱ्याला सोपं जातं आणि त्याच्या खिशाचाही मान राहतो. मोठी वस्तू हवी असेल तर मित्रांचा गट स्वतःहून 'मिळून देतो' म्हणेपर्यंत तिचं नाव काढू नका. कर्जाच्या हप्त्याला हातभार लावा, असं गमतीतही सुचवू नका. ज्याला खरोखर मदत करायची आहे तो मित्र ते बंद खोलीत बोलतो, समारंभात नाही. आणि एक पर्याय विचारात घ्या : उसनं मागा. शिडी, ड्रिल, जास्तीच्या खुर्च्या, पाहुण्यांसाठी गाद्या. नव्या घराला या गोष्टी सुरुवातीला लागतात आणि नंतर वर्षभर लागत नाहीत. मित्राला द्यायचा आनंद मिळतो आणि वस्तू आपल्या घरी परत जाते.

प्रश्न : 'नको' सांगूनही जुन्या मैत्रिणीने फार महागडी वस्तू दिली. तिचं घर पुढच्या वर्षी व्हायचंय. आता तेवढ्याच किमतीचं आपण द्यायला हवं, या विचाराने झोप लागत नाही. वस्तू परत करावी का?

उत्तर : परत करू नका, आणि किंमत शोधायचंही सोडा. वर मॉसच्या तिसऱ्या बंधनाविषयी लिहिलंय, ते तुम्हाला आत्ता जाणवतंय. पण परतफेड तेवढ्याच रकमेची आणि तशाच वस्तूची असायला हवी, असं कुठे आहे? लगेच आणि तंतोतंत फेडलं तर देणाऱ्यालाही ते हिशेब मिटवल्यासारखं लागतं. जुनी मैत्रीण आहे. तुमच्यात एकमेकींचं काही ना काही बाकी असू द्या.

आत्ता तिला फोन करा आणि वस्तू घरात कुठे ठेवली, कोण वापरतं, ते सांगा. 'एवढं कशाला' हे वाक्य टाळा, त्याने बोलणं पुन्हा किमतीवर येतं. पुढच्या वर्षी तिचं घर होईल तेव्हा सामान बांधायच्या आठवड्यात दोन दिवस तिच्याकडे जाऊन राहा. घर बदलणाऱ्या बाईला त्या दिवसांत हाताखाली भरवशाचं माणूस मिळालं, तर ती ते जन्मभर विसरत नाही. आणि तिने तेव्हा 'काही आणू नका' म्हटलं, तर तिचं ऐका. मनातली किंमत बाहेर काढायला तो प्रसंग वापरू नका.

प्रश्न : कार्यक्रम होऊन महिना झाला. चार भिंतीवरची घड्याळं आलीत, तीन एकसारखे दिवे. वापरणार नाही. दुसऱ्यांना दिले तर चालतील? अपराधी वाटतं.

उत्तर : चालतील. जोएल वाल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ साली आपल्या विद्यार्थ्यांना मिळालेल्या सणाच्या भेटींचा हिशेब मांडला होता. भावनिक मोल बाजूला ठेवून त्याने विचारलं, की ही वस्तू तुमच्या लेखी केवढ्याची? विद्यार्थ्यांनी सांगितलेली रक्कम देणाऱ्याने मोजलेल्या पैशांपेक्षा कमी भरली, आणि ही घट १० टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत होती. कपाटात पडून राहिलेल्या घड्याळाचं तर सगळंच मोल जातं. ते दुसऱ्या कोणाच्या भिंतीवर लागलं तर देणाऱ्याचा पैसा कामी आला.

एक घड्याळ आणि एक दिवा ठेवा, बाकीचं वाटा. देताना खोकं नीट उघडून बघा. आत नावाचं कार्ड, शुभेच्छांची चिठ्ठी किंवा खरेदीची पावती राहिलेली असते. ज्या नातेवाइकांकडून आलं त्यांच्या गोतावळ्यात ते फिरवू नका. ऑफिसातून आलेलं माहेरी आणि माहेरचं ऑफिसच्या बाजूला, असं असलं तर गाठ पडत नाही. नवीन म्हणून देण्यापेक्षा 'माझ्याकडे जास्तीचं आहे, तुला लागतंय का?' असं विचारून द्या, म्हणजे तिसऱ्या कपाटात जाऊन पडत नाही. वसतिगृह, अंगणवाडी, दवाखाना अशा ठिकाणी भिंतीवरचं घड्याळ हमखास लागतं. आधी विचारा आणि सेल घालून, चालू करून नेऊन द्या. देणाऱ्याने पुढे कधी विचारलं तर खरं सांगा : 'दोन सारखी आली होती, एक जिथे लागत होतं तिथे दिलं.' कोणाचं दिलं, ते सांगायची गरज नाही.